एक मत आणि दोन मतं

2 जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी उजाडायच्या आत माणसं जमतात. मुरबाडकडून येतात, कर्जत-माथेरानकडून येतात. 1943 साली याच तारखेला, अशाच थंडीच्या पहाटे, पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पडले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणणाऱ्या आझाद दस्त्याचे हे दोघे. दरवर्षी फुलं वाहिली जातात, घोषणा होतात, भाषणं होतात. ऊन अंगावर आलं की गर्दी पांगते.

अशाच एका सकाळी गर्दी पांगल्यावर मामा-भाची चहाचे कप घेऊन दगडावर टेकली होती. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मतपेट्यांच्या काळापासून मतदान यंत्रापर्यंत निवडणुकीची ड्युटी केलेले. भाची डोंगराखालच्या एका ठाकरवाडीत दिलेली, गावच्या वन हक्क समितीची सदस्य. एका वक्त्याच्या वाक्यावरून दोघांची जुंपली. वाक्य साधंच होतं: या हुतात्म्यांमुळे आज आपले कायदे आपले प्रतिनिधी करतात.

भाची : ते वाक्य काही मला पटलं नाही, मामा. प्रतिनिधी कुठे कायदे करतात? मसुदा दिल्लीतले अधिकारी लिहितात, मंत्रिमंडळ त्याला हो म्हणतं. खासदाराच्या वाट्याला येतं ते एकच काम, पक्षाने सांगितलं की हात वर करायचा.

मामा : तो हात तरी आपण पाठवलेला असतो ना? कोतवालांच्या वेळी तेवढंही नव्हतं. ते स्वतः वकील, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. पण इथल्या रानाचा कायदा काय असावा हे ठरवायला ना त्यांना जागा होती, ना तुझ्या पणज्याला. मत द्यायला मालमत्ता नाहीतर शिक्षण लागायचं. पणज्याच्या नावावर जमीन नव्हती आणि सहीच्या जागी अंगठा. 1927 चा भारतीय वन अधिनियम तेव्हाचा. रानात राहणाऱ्याला त्याच्याच रानात चोर ठरवणारा कायदा, आणि तो करताना रानातल्या एकालाही कुणी विचारलं नाही.

भाची : आणि तो अजून लागू आहे. 1952 ला आपल्या मतांवर लोकसभा बसली. तेव्हापासून किती सरकारं आली, गेली. कायद्याला कलमं जोडली, काढली, पण तो उभाच आहे. मोळी आणणाऱ्या बाईला गार्ड अडवतो तेव्हा तिला इंग्रज काय आणि आपले काय, फरक कळत नाही.

मामा : कळायला हवा. कारण त्याच्या जोडीला 2006 चा वनहक्क कायदा आला, आणि तो आपल्या संसदेने केला. तुझी समिती त्या कायद्यातून जन्मली. ज्या फांदीवर बसलीस तिला तरी नावं ठेवू नकोस.

भाची : बरं, त्याचंच घेऊ. तुम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचात. सांगा, तो कायदा झाला कसा?

मामा : शाळेत मी पोरांना भातावरून सांगायचो. विधेयकाची तीन वाचनं असतात. पहिलं म्हणजे राब. मंत्री विधेयक सभागृहात मांडतो, रोप पडतं, तेव्हा चर्चा फारशी नसते. दुसरं म्हणजे लावणी. कंबर मोडते ती इथे. विधेयकाच्या हेतूवर बोलायचं, वाटलं तर समितीकडे पाठवायचं, मग एकेक कलम काढून दुरुस्त्या घ्यायच्या. तिसरं वाचन झोडणी: आता हवं की नको, एवढंच मतदान. मग दुसऱ्या सभागृहात तेच सगळं पुन्हा, राष्ट्रपतींची सही, राजपत्रात छापणं. दोन सभागृहांचं पटलं नाही तर संयुक्त बैठक. हुंडाबंदीच्या वेळी 1961 ला तशी बैठक घ्यावी लागली होती.

भाची : हल्ली राबातून थेट झोडणी करतात, मामा. लावणी कुणी करत नाही. 2020 चे शेतीचे कायदे आठवा. समितीकडे गेलेच नाहीत. त्यातले दोन राज्यसभेत 20 सप्टेंबरला गोंधळात, आवाजी मतदानाने पार पडले. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, तेव्हा 29 नोव्हेंबर 2021 ला एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत सगळे कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना. करताना विचारलं नाही, मोडताना बोलू दिलं नाही. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी 135 दिवस बसायची, सतरावी बसली 55 दिवस. आणि त्या सतराव्या लोकसभेत समित्यांकडे गेलेली विधेयकं शंभरात सोळा.

मामा : आकडे खरे आहेत. पण तू लावणी न केलेलं शेत दाखवतेस, मी लावणी झालेलं दाखवतो. 2002 च्या मे महिन्यात केंद्रातून आदेश निघाला, वनजमिनीवरची अतिक्रमणं हटवा. अतिक्रमण म्हणजे कोण, तर आपण. देशभर घरं पाडली, उभी पिकं तुडवली. त्यातून आंदोलन पेटलं. तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातून डहाणू-जव्हारची कष्टकरी संघटना त्यात होती. प्रदीप प्रभू देशपातळीवरच्या मोहिमेत पुढे होते. त्या रेट्यातून 13 डिसेंबर 2005 ला लोकसभेत विधेयक आलं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, किशोर चंद्र देव अध्यक्ष. समितीने संघटनांचं ऐकलं, 2006 च्या मे महिन्यात अहवाल दिला. 15 डिसेंबरला लोकसभा, 18 ला राज्यसभा, 29 ला राष्ट्रपतींची सही. झाला कायदा.

भाची : त्या समितीत काय बदललं ते मी सांगते, कारण आमच्या प्रशिक्षणात तेच घोकून घेतलं होतं. मूळ विधेयकात अट होती की 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीपासून कसणाऱ्यालाच हक्क. आमच्या वाडीतली निम्मी घरं तिथेच गळली असती. ती तारीख 13 डिसेंबर 2005 झाली. जमिनीची मर्यादा अडीच हेक्टर होती, ती शेवटी कायद्यात चार झाली. आणि आदिवासी नसलेले, पण पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणारे, मूळ मसुद्यात नव्हतेच. ते आत आले.

मामा : मग? हेच तर मी म्हणतोय. अधिकाऱ्याने लिहिलेलं वाक्य प्रतिनिधींनी खोडलं. कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारने स्वतःच्या कायद्यात स्वतःची चूक कबूल केली! 1927 च्या कायद्यात असं एक अक्षर दाखव.

भाची : पण ते खोडणारं सभागृह नव्हतं, मामा. ती समितीची खोली होती. तिथे कॅमेरा नसतो, घोषणा नसतात, म्हणून पक्ष जरा बाहेर राहतो. आणि समिती म्हटलं की काम झालं, असंही नाही. 2023 ला वन संरक्षण कायद्यात दुरुस्ती आली. तीही संयुक्त समितीकडे गेली. लोकांनी ढीगभर हरकती पाठवल्या. समितीने एकही कलम बदललं नाही. काही सदस्यांनी विरोधी टिपणं लिहिली तेवढीच. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर. रान तेच, संसद तीच, समितीही तशीच. मग 2006 ला ऐकलं आणि 2023 ला नाही, हे कशामुळे?

मामा : (थोडं थांबून) 2006 ला सरकार आघाडीचं होतं. एकेका पक्षाच्या पाठिंब्यावर उभं. ज्याला बाकीच्यांची गरज असते तो ऐकून घेतो.

भाची : म्हणजे ऐकणं कायद्याने बांधलेलं नाही. गरजेवर आहे.

मामा : गरज कोण निर्माण करतं? मतदार. पूर्ण बहुमत द्यायचं की आघाडी करायला लावायची, हेही मतदारच ठरवतो ना?

भाची : मग त्या व्हिपचं, पक्षादेशाचं काय? आपला खासदार आतून आपल्या बाजूचा असला तरी पक्षाने व्हिप काढला की संपलं. विरोधात मत दिलं तर खासदारकी जाते.

मामा : तो कायदाही उगाच नाही आला. 1967 ला हरियाणात एकाच आमदाराने काही दिवसांत तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासून ‘आयाराम-गयाराम’ म्हणतात. तू कमळ बघून शिक्का मारायचा की पंजा बघून, आणि त्याने दुसऱ्या दिवशी दुकान बदलायचं? म्हणून 1985 मध्ये पक्षांतरबंदी आली.

भाची : पण दुकान बदलणं वेगळं आणि एखाद्या विधेयकावर वेगळं बोलणं वेगळं. दिनेश गोस्वामी समितीने 1990 लाच सुचवलं होतं की ही शिक्षा सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरती ठेवा. ते राहिलं कागदावर. खासदाराला स्वतःचं विधेयक मांडता येतं, शुक्रवारी त्यासाठी वेळही असतो. आजवर अशी चौदाच मंजूर झाली. शेवटचं 1970 ला. तुमचं नागरिकशास्त्र ‘खासदार कायदे करतो’ म्हणतं, त्यावर ही तळटीप असते का?

मामा : नसते. घालायला हवी होती. पण खासदाराचं काम नुसतं विधेयक नाही गं. प्रश्नोत्तराच्या तासाला तो मंत्र्याला विचारतो, उत्तर छापील येतं, सगळ्या देशाला वाचता येतं. ठाणे जिल्ह्यात वनहक्काचे किती दावे आले, किती मंजूर, किती फेटाळले, हे त्याने विचारायचं.

भाची : त्याने विचारावं म्हणून त्याला आपण दिसायला तर हवं. आपला मतदारसंघ भिवंडी. त्यात भिवंडीचे यंत्रमाग, कल्याण पश्चिमच्या बिल्डिंगी, शहापूर, आणि टोकाला आपलं मुरबाड, हा गड. वीस लाखांवर मतदार. पहिल्या निवडणुकीत देशात साडेसतरा कोटींच्या आतबाहेर मतदार आणि 489 जागा होत्या. एका जागेमागे सरासरी साडेतीन लाख. 2024 च्या निवडणुकीला मतदार सत्त्याण्णव कोटींच्या घरात, जागा 543; एकामागे जवळजवळ अठरा लाख. मतदार साडेपाचपट झाले, जागा जवळजवळ तेवढ्याच. आमची वाडी त्या वीस लाखांत कुठे शोधायची? वीस लाखांचं मीठ आपल्या एका वाडीच्या कालवणात कसं उतरणार?

मामा : म्हणून तर एकट्या खासदारावर देश चालत नाही. मुरबाडला आमदार आहे, शहापूरला आहे, तिथली जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. जमीन, पाणी हे विषय राज्याचे. वनं आधी राज्याकडे होती, 1976 च्या घटनादुरुस्तीने ती केंद्र आणि राज्य दोघांची झाली.

भाची : आणि पाणी? तानसा, भातसा शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला. उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. पाणी राज्याचा विषय, आमदार आपला. मग नळ कुठे आहे? मोजून मतं जास्त ज्याची, त्याच्याकडे पाइप वळतो. लोकशाही म्हणजे बहुमत, असं तुम्हीच शिकवलंत.

मामा : पूर्ण नाही शिकवलं म्हणायचं मग. ऐक. रोजगार हमी आठवते? तुझी आई दगड फोडायला जायची ती. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी 1965 ला सांगली जिल्ह्यात विसापूरला लहानसा प्रयोग केला. बहात्तरच्या दुष्काळात लाखो हातांना काम लागलं. मग राज्याने कायदा केला, तो 1979 पासून लागू. मागेल त्याला काम, हा हक्क. आणि त्याचा पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून पैसे कापून गावच्या मजुराला मजुरी, आणि हे त्या कारकुनाच्याच प्रतिनिधींनी मंजूर केलं. पुढे 2005 ला संसदेने देशासाठी तसा कायदा केला. शहराने स्वतःच्या खिशात हात घालून गावाला दिलं, असंही घडतं.

भाची : (हसून) हे मान्य. पण तिथेही बघा, आधी विसापूर, मग मुंबई, शेवटी दिल्ली. कायदा वरून खाली आला नाही. खालून वर गेला. माझं म्हणणं तेवढंच आहे. काळू नदीच्या धरणाचंही तेच. आपल्याच तालुक्यात शहरांच्या पाण्यासाठी काम सुरू केलं, जंगलाची परवानगी नसताना. गावांनी ग्रामसभेत विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली, आणि 2012 ला मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. तेव्हा खासदाराच्या हातापेक्षा ग्रामसभेची वही जड पडली.

मामा : आणि न्यायालयाने कशाच्या आधारावर थांबवलं? संसदेनेच केलेल्या कायद्याच्या. 1980 चा वन संरक्षण कायदा. वही जड झाली ती त्या कायद्यामुळे.

भाची : कायदा असून काय, त्याचे नियम हवेत. वनहक्काला सही झाली डिसेंबर 2006 ला, लागू झाला 31 डिसेंबर 2007 ला, नियम आले 1 जानेवारी 2008 ला. एक वर्ष नुसता कागद. ते नियम मंत्रालय लिहितं, संसदेसमोर फक्त ठेवले जातात. खरी गोची तिथे असते. आमच्या शेजारचे कुणबी बघा. आदिवासी नाहीत, म्हणून त्यांना तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा वास दाखवावा लागतो. म्हणजे 1930 पासूनचा. 1930 चा कागद कुणाच्या पेटीत असेल, मामा?

मामा : पण नियमांतच म्हटलंय की म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन चालतं. जुनी विहीर, बांध, स्मशान हेही पुरावे.

भाची : चालतं, असं लिहिलंय. आम्ही म्हाताऱ्यांची निवेदनं घेतली, बांध मोजले, नकाशा काढला, ग्रामसभेने ठराव केला. फाइल वर गेली. दोन एकर मागितलेल्या माणसाला वीस गुंठ्यांचा कागद आला. का, ते कुणी लिहून दिलं नाही. म्हणून मी म्हणते, कायदा दिल्लीत अर्धाच होतो. उरलेला अर्धा इथे, या मातीत करावा लागतो.

मामा : हे मला पटतं. पण तो दिल्लीतला अर्धा मत देऊन मिळतो, हे तुला पटतं का?

भाची : (गप्प.)

मामा : खरं सांग. 20 मे 2024 ला इथे लोकसभेचं मतदान होतं. तू दिलंस?

भाची : वीटभट्टीवर होतो आम्ही. वाडीतली निम्मी घरं तिकडेच असतात, पाऊस पडेपर्यंत. एक दिवस यायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, मुकादम बोलतो. नाही दिलं.

मामा : मग त्या वीस लाखांत तुझी वाडी दिसत नाही, यात नवल काय? जो उमेदवार मतं मोजतो त्याच्या हिशेबात वीटभट्टीवरचं माणूस शून्य असतं.

भाची : बरोबर. आता तुम्ही सांगा. निवृत्त झाल्यापासून तुमच्या गावच्या किती ग्रामसभांना गेलात?

मामा : (चहाचा कप खाली ठेवत) तिथे नुसती भांडणं असतात गं. घरकुल कुणाला आणि गटार कुणाच्या दारात.

भाची : लोकसभेत काय असतं मग?

दोघंही हसली. मामा बराच वेळ गडाकडे बघत राहिले.

मामा : आपल्या भाषेत एक गंमत आहे बघ. पेटीत टाकतो त्यालाही मत म्हणतात आणि डोक्यात असतं त्यालाही मतच. मी आयुष्यभर पहिलं मोजलं. दुसरं मोजायची सोय कुठे असते, ते शिकवायचं राहून गेलं.

भाची : ती सोय ग्रामसभेत आहे. मोडकी आहे, पण आहे. आणि ती दिल्लीपर्यंत न्यायची तर तुमचं ते पेटीतलं मतही लागेल, हे मी मान्य करते. पण पाच वर्षांतून एकदा मत टाकून माणूस मोकळा होत नाही. विधेयक समितीकडे गेलं की लोकांकडून सूचना मागवल्याची जाहिरात येते, मुदत बहुतेक वेळा पंधरा दिवसांची. लोकसभेची याचिका समिती आहे, तिच्याकडे साधा माणूसही अर्ज करू शकतो. हे आपल्या किती गावांना माहीत आहे?

मामा : मलाही मास्तर असून फारसं माहीत नव्हतं. बरं, आता करायचं काय?

भाची : फेटाळलेल्या आणि कमी मंजूर झालेल्या दाव्यांची यादी तयार आहे. ग्रामसभेचा ठराव करायचा. एक प्रत तालुक्याला, एक आमदाराला, एक खासदाराला, सोबत एकच प्रश्न लिहून: हा सभागृहात विचारा, आणि उत्तराची प्रत ग्रामपंचायतीला पाठवा. अक्षर तुमचं चांगलं आहे.

मामा : लिहितो. ठराव पक्का होण्याइतकी माणसं जमतील ना?

भाची : तीच अडचण आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, त्यात एक तृतीयांश बायका. गेल्या वेळी अकरा कमी पडले.

मामांनी खिशातून डायरी काढली आणि वाडीतली घरं लिहायला घेतली. कोण भट्टीवर आहे, कोण घरी आहे, कुणाला निरोप द्यायचा, कुणाला गाडीत घालून आणायचं. मतदार यादीवर खुणा करायची जुनी सवय हाताला होतीच.

26 जानेवारीची ग्रामसभा चोवीस दिवसांवर होती.